गोधडी: वापरून संपलेला इतिहास

मंडळी, गोधडीचा इतिहास लिहायला बसलं की पहिली अडचण अशी, की जुनी गोधडी हातीच लागत नाही. तांब्याचा हंडा मिळतो, पितळी अडकित्ता मिळतो, पैठणी तर मिळतेच. पण शंभर वर्षांपूर्वीची साधी वाकळ दाखवा बरं कुणी! कारण सरळ आहे. गोधडी फाटली की टाकत नसत, ती नव्या गोधडीच्या पोटात जायची. वर नवं लुगडं, खाली दुसरं आणि मधे जुनीच गोधडी. म्हणजे प्रत्येक गोधडीनं आपली आई गिळलेली असते म्हणा ना!

याच्या उलट गोष्ट बंगालची. सोळाव्या-सतराव्या शतकात हुगळीकाठच्या सातगाव भागातून पोर्तुगीज व्यापारी भरतकाम केलेल्या रजया युरोपात नेत. पांढऱ्या सुती कापडावर पिवळसर रेशमानं शिकारीची, जहाजांची, बायबलातल्या गोष्टींची चित्रं. 'कोल्चा' म्हणत त्यांना. त्या श्रीमंतांच्या घरी मिरवायच्या होत्या, म्हणून टिकल्या. आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात बघायला मिळतात. घरगुती कांथांचंही तेच. ज्यांवर नक्षी होती त्या गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांच्यासारख्यांनी जमवल्या. अंगावर घेऊन विरलेल्या मात्र विरूनच गेल्या.

आपल्याकडे गोधडी म्हणजे गरिबीची खूण. गाडगेबाबा (१८७६–१९५६) ठिगळांचे कपडे घालत, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. त्या नावात थोडी थट्टा होती आणि मग तेच नाव आदराचं झालं.

हे सगळं आत्ताच का आठवलं? तर आईच्या ट्रंकेत आजीची तीन सुती लुगडी आहेत. नाशिकच्या थंडीत आईचे गुडघे धरतात, खुर्चीत बसल्यावर मांडीवर घ्यायला तिला काहीतरी हवं होतं. रग जड होतो, शाल घसरते. मी म्हटलं, एका लुगड्याची छोटी गोधडी शिवते. त्यावर घरात हा वाद! मामेबहीण म्हणाली, "आजीची एवढीच तर आठवण उरली आहे, आणि तू तिला कात्री लावणार?" मामी म्हणाली, जपून ठेवा. आई काहीच बोलली नाही.

बहिणीचं म्हणणं खोटं नाही, कारण अशी लुगडी आता मिळणार नाहीत. मुंबईत दावरांनी १८५४ साली कापडगिरणी काढली, आणि पुढच्या शतकभरात गिरणीचं सुती लुगडं घरोघरी पोचलं. आमचे आजोबाही गिरणीतच होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि बऱ्याच गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्याच नाहीत. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणानं कृत्रिम धाग्याला मोकळीक दिली. नायलॉन-पॉलिस्टरच्या साड्या विरत नाहीत, पण मऊही होत नाहीत, घाम टिपत नाहीत, सुईखाली सटकतात. गोधडीला लागतं ते शंभर वेळा धुतलेलं सूत. त्याचा साठा आपल्या आज्यांच्या ट्रंकांत आहे तेवढाच.

मग जपायचं की कापायचं? मला वाटतं, आजीनं स्वतः कापलं असतं. घडीवर विरत जाणारं लुगडं काही वर्षांनी घडीवरच फाटतं आणि कुणाच्याच उपयोगी पडत नाही.

शेवटी आईनंच तीनांतलं एक काढून हातात दिलं.

हिशेब सोपा आहे. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. काठ उसवून बाजूला ठेवले आणि तीन फूट बाय चार फुटांचे सहा तुकडे निघाले. पाचांचे थर, सहावा ठिगळांसाठी. आधी मधून कडेकडे कच्चे टाके घालून थर बसवले. मग धावदोरा कडेनं सुरू करून आत आत, बोटभर अंतरानं, चौकटीत चौकट. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकाही आपली 'कवंदी' अशीच कडेकडून आत शिवतात आणि कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची 'फुलं' लावतात. फुलांशिवाय ती त्यांना उघडीनागडी वाटते. मी ती कल्पना उचलली. उसवलेल्या काठांचीच चार फुलं केली.

दीड महिना लागला. आईनं पहिल्याच दिवशी एका ठिगळावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे तिच्या पदराजवळचं, इथे चुलीची ठिणगी पडली होती." ते भोक मला दिसलंसुद्धा नव्हतं. ट्रंकेत लुगडं होतं तितकी वर्षं ही गोष्ट तिनं कधी सांगितली नव्हती.

उरलेली दोन लुगडी मामेबहिणीकडे पाठवली आहेत. जपायची की शिवायची ते तिनं ठरवावं. आणि तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुनी वाकळ असेल, तर एका कोपऱ्याची शिवण उसवून आत काय आहे ते जरूर बघा. बघितलंत की मलाही कळवा.