गेलेल्या ताऱ्याचे जुने फोटो

चौसाळ्यातून बोलतोय. एप्रिलच्या रात्री हायवेचे दिवे मागे टाकून शेताकडं गेलात तर उत्तरेला सप्तर्षी दिसतील. त्यातल्या पुलस्त्यापासून क्रतूपर्यंत मनातच रेघ ओढा आणि तेवढीच पुढं न्या. नुसत्या डोळ्यांना काही दिसणार नाही, पण तिथं एम-८१ नावाची सर्पिल दीर्घिका आहे. अंतर सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षं. विश्वाच्या हिशेबात हा शेजारच!

२८ मार्च १९९३ला स्पेनच्या फ्रान्सिस्को गार्सिया या हौशी निरीक्षकाला तिच्यात एक नवा ठिपका दिसला. तारा फुटला होता. त्या स्फोटाचं नाव पडलं एसएन १९९३जे.

पण फुटलेला तारा कोण होता, हे तो फुटल्यावर कसं शोधायचं? एम-८१ देखणी, त्यामुळं तिचे फोटो आधीच काढलेले होते. ते बाहेर काढून त्याच जागी पाहिलं, तर एक तांबडा महाराक्षसी तारा! मात्र एकट्या तांबड्या ताऱ्याच्या मानानं तिथं निळा प्रकाश जरा जास्तच होता. त्यात स्फोटाच्या प्रकाशात आधी हायड्रोजन दिसला, आणि काही आठवड्यांत तो ओसरून हेलियम वर आला. म्हणजे ताऱ्याचं हायड्रोजनचं कवच आधीच बरंचसं उतरलेलं. ते ओढून घेणारा कुणीतरी जवळच असणार. २००४मध्ये हबल आणि केक दुर्बिणींच्या निरीक्षणांतून त्या जोडीदाराचा माग लागला. पुढच्या फोटोंत तांबडा तारा नाहीसा झाला होता. ओळख पक्की.

फोटोंची गोष्ट इथं संपते, स्फोटाची नाही. त्याच्या रेडिओलहरी येतच होत्या, आणि त्या ऐकायला आपल्या पुणे जिल्ह्यात खोडदची जीएमआरटी होती. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. स्फोटानंतर जवळपास पावणेनऊ वर्षांनी पूनम चंद्रा, अलक रे आणि संजय भटनागर यांनी तिची निरीक्षणं अमेरिकेतल्या व्हीएलएच्या निरीक्षणांशी जोडली. चुंबकीय क्षेत्रात भिरभिरणारे इलेक्ट्रॉन हळूहळू ऊर्जा गमावतात. कोणत्या फ्रिक्वेन्सीला त्यांचा हा थकवा दिसतो आणि स्फोटाला किती दिवस झाले, यावरून क्षेत्र मोजता येतं. उत्तर आलं ०.३३ गॉस. होकायंत्राची सुई फिरवणारं पृथ्वीचं क्षेत्रही साधारण एवढंच! पण इथं ते इतक्या अफाट पसरलेल्या कवचात होतं. ताऱ्यानं मरण्याआधी सोडलेल्या वायूतून एवढं क्षेत्र येणं शक्य नव्हतं. स्फोटाच्या धडकेनंच ते वाढवलं असणार, असं या तिघांनी मांडलं.