मुळीची कसोटी आणि कोकोची

१९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मुंबईचा एक लेख छापून आला. लेखक केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील, विषय सर्पगंधेची मुळी. उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना ती देऊन पारा किती उतरला, याची नोंद त्यात होती.

मुळी काही नवी नव्हती. साप चावला, माणूस भ्रमिष्ट झाला, झोप येईना, की वैद्य ती देत. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच तिचा रक्तदाबावरचा गुण लिहून ठेवला होता. पण तो लेख हिंदुस्थानातच राहिला. वकिलांचा बॉस्टनपर्यंत पोचला. तिथे रॉबर्ट विल्किन्स यांनी आपल्या रुग्णांवर मुळी वापरली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले, आणि १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला.

रिसर्पिन मज्जातंतूंच्या टोकाशी साठलेले नॉरअॅड्रेनलिन रिकामे करते. रक्तवाहिन्या आवळण्याचा हुकूमच क्षीण होतो, दाब उतरतो. सोबत नाक चोंदते, सुस्ती येते, काहींचे मनही खचते. ‘झाडपाला आहे, अपाय कसला?’ म्हणणाऱ्यांनी या मुळीची कहाणी जरूर वाचावी.

पण पारा उतरला म्हणजे माणूस वाचला का? याचे उत्तर १९६७ मध्ये आले. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १४३ पुरुषांची चाचणी झाली. निम्म्यांना रिसर्पिनसह तीन औषधे, बाकीच्यांना दिसायला तशीच पण निव्वळ पोकळ गोळी. पोकळ गोळीच्या गटात २७ जणांवर गंभीर प्रसंग ओढवला, औषधाच्या गटात फक्त दोघांवर. वैद्याच्या बटव्यातली मुळी, आणखी दोन औषधांच्या सोबतीने का होईना, त्या दिवशी खऱ्या अर्थाने पास झाली.

असा हिशेब धाराशिवच्या गावांनीही पाहिला आहे, फक्त रोग वेगळा. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक आणि कर्करोगावरची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी पारखली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ गट. आठ वर्षे लोटल्यावर मृत्यू मोजले. हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकदाच झालेली तपासणीही मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते, असे २००९ मध्ये सिद्ध झाले. ज्या गटाची तपासणीच झाली नाही त्याच्यावर अन्याय झाला, हा आक्षेप पुढे उठला आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. तरी निष्कर्ष पक्का होता, कारण मोजले ते मृत्यू.

आता हीच कसोटी डार्क चॉकलेटला लावू, तेही रक्तदाब उतरवते असे म्हणतात. पनामाच्या बेटांवरचे कुना लोक भरपूर कोको पीत आणि म्हातारपणीही त्यांचा रक्तदाब फारसा चढत नसे. शहरात गेलेल्यांचा मात्र चढे, हे अमेरिकी डॉक्टर नॉर्मन हॉलेनबर्ग यांनी १९९७ मध्ये मांडले. कोकोतल्या फ्लॅव्हनॉल या घटकामुळे नायट्रिक ऑक्साइड वाढून रक्तवाहिन्या सैलावतात. तर्क पटण्याजोगा आहे. पुढे कोकोच्या ३५ चाचण्यांतल्या १,८०४ लोकांचा एकत्र हिशेब २०१७ मध्ये झाला, तेव्हा रक्तदाबातली घट निघाली सरासरी १.८ मिलिमीटर. ज्यांचा दाब आधीच चढलेला होता, त्यांच्यात ती चारच्या आसपास. बहुतेक चाचण्या २ ते १२ आठवड्यांच्या. पक्षाघात आणि मृत्यू मोजायला एवढा काळ कुठे पुरतो?

मोठी चाचणीही झाली. २०२२ मध्ये आलेल्या ‘कॉसमॉस’मध्ये २१,४४२ वृद्धांनी भाग घेतला, खर्चाचा काही वाटा चॉकलेट विकणाऱ्या मार्स कंपनीने उचलला होता. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या एकूण प्रसंगांत १० टक्के घट दिसली, पण ती योगायोगाचीही असू शकते इतकी अस्पष्ट. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू मात्र २७ टक्के कमी दिसले. यातली गंमत अशी, की कोणालाही चॉकलेट दिलेच नव्हते. रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉलची कॅप्सूल होती. दुकानातल्या वडीवर कोकोचे टक्के छापलेले असतात, फ्लॅव्हनॉल किती उरले ते बहुधा नसते. कोकोचा कडवटपणा घालवण्यासाठी त्यावर अल्कलीची प्रक्रिया करतात आणि त्यात ते बरेचसे नाहीसे होते. साखर तेवढी शाबूत राहते.