नावं ठाऊक असलेल्यांची औषधं

माझ्या लहानपणी जालन्यात औषधाचं नाव रोग्याला ठाऊक नसे. डॉक्टर आत तपासायचे, बाहेर कंपाउंडर गुलाबी मिक्श्चर बाटलीत भरून द्यायचा. बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी. एका खाचेपर्यंत एक डोस. औषध संपलं की पुन्हा दवाखान्यातच यावं लागे.

मग गोळ्यांची पाकिटं आली आणि त्यांवर नाव छापलेलं आलं. 1981 साली जालना वेगळा जिल्हा झाला, त्या सुमारास मी मेडिकलच्या काउंटरवर उभा राहू लागलो. अंबड-परतूरहून बाजाराला आलेला माणूस रिकामं पाकीट पुढे करायचा, ‘हेच द्या.’ डॉक्टरची फी वाचायची, खेटा वाचायचा. चिठ्ठीविना औषध घ्यायची सवय आमच्याकडे अशी रुळली.

पुढे मी डी.फार्म.च्या मुलांना फार्माकॉलॉजी शिकवू लागलो, आणि तीच सवय वर्गात दिसली. ही मुलं रिकामं पाकीट दाखवत नाहीत, त्यांना नावं पाठ असतात. अभ्यासक्रमातलं 500 तासांचं प्रशिक्षण त्यांना थेट औषधांच्या कपाटापाशी नेतं.

परीक्षा आली की ती जागरणाची गोळीही अशीच घेतात. परीक्षा आणि या गोळीचं नातं मात्र जुनं आहे. अ‍ॅम्फेटामीन 1887 साली जर्मनीत तयार झालं, औषध म्हणून बाजारात आलं ते 1930च्या दशकात. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात मानसशास्त्राच्या प्रयोगांत ते दिलं गेलं. झोप उडते हे कळल्यावर 1937च्या सुमारास तिथली मुलं परीक्षेसाठी ते आपणहून घेऊ लागली. नैराश्यावरची औषधं त्यानंतरची. क्षयाच्या रोग्यांना इप्रोनियाझिड हे औषध दिलं, तेव्हा त्यांचा उत्साह वाढलेला दिसला. 1957 साली रोलंड कून यांनी इमिप्रामिनचा नैराश्यावरचा गुण जगापुढे मांडला.

आपल्याकडे अ‍ॅम्फेटामीन आणि त्याच धर्तीचं मिथाइलफेनिडेट औषध नियमांच्या शेड्यूल एक्स या कडक यादीत आहेत. त्यांना वेगळा परवाना लागतो, डॉक्टरची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपावी लागते. म्हणून मुलं झोप उडवणाऱ्या मोडाफिनिलकडे वळतात. तेही चिठ्ठीचंच औषध, पण त्यावरचा पहारा सैल.

मंठ्याकडचा माझा एक विद्यार्थी परीक्षेत मोडाफिनिलवर जागला. मग झोप येईना म्हणून झोपेची गोळी, मन खचलं म्हणून एस्सिटॅलोप्रॅम ही नैराश्यावरची गोळी. दहा दिवसांत गुण नाही म्हणून तीही त्याने आपल्या मनाने सोडली. या औषधाचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, ते एकदम सोडू नये, तरुणांत सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढत नाहीत ना यावर लक्ष ठेवावं लागतं, हे सगळं त्याने पेपरात बिनचूक लिहिलं होतं. त्याचं मन उदास का आहे, हे मात्र त्याला कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही.

1948च्या फार्मसी कायद्याने चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या हाती सोपवलं, कारण औषध आणि रोगी यांच्यामध्ये एक जाणता माणूस हवा. ही मुलं उद्या त्या जागी उभी राहणार आहेत. त्यांच्यासाठीही तसा माणूस हवा. म्हणून प्रत्येक फार्मसी कॉलेजात समुपदेशक असावा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहावा, आणि मदत मागितली म्हणून कुणाची हजेरी वा गुण कापले जाऊ नयेत. दुसऱ्याकडे चिठ्ठी मागायचं बळ त्याच्यातच येतं, ज्याला स्वतःसाठी डॉक्टरकडे जायची लाज वाटत नाही.