दम, मैदान आणि ग्रंथ



स्मृतिव्याख्यानासाठी उभ्या राहिलेल्या मराठीच्या प्राध्यापकाने धावण्याच्या शिक्षणावर बोलावे, हे काहींना विषयांतर वाटेल. परंतु माझा प्रश्न ग्रंथांचाच आहे. धावायला शिकवणाऱ्याने काय वाचावे, आणि ते आपल्या भाषेत त्याला कितपत मिळते?

आरंभ एका शब्दापासून करतो. मराठीत धावणाऱ्याला ‘दम’ लागतो, चांगल्या धावपटूचा ‘दम’ टिकतो, उतावळ्याला आपण ‘दम धर’ म्हणतो आणि कामचुकाराला ‘दम देतो’. श्वास, टिकाऊपणा, धीर आणि धाक हे चारही अर्थ या दोन अक्षरांत सामावले आहेत. मैदानावरचे शिक्षण या चार अर्थांतच फिरते. शिक्षकाजवळ ज्ञान नसले की पहिले तीन अर्थ गळतात आणि चौथा तेवढा उरतो.

या ज्ञानाची निकड आपल्याकडे प्रथम जाणवली ती पुण्यात. पहिल्या महायुद्धानंतर डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत खेड्यापाड्यांतील तरुण अनवाणी धावत. त्यांचा वेग युरोपीय धावपटूंच्या फार मागे नाही, हे सर दोराबजी टाटा यांच्या ध्यानात आले. त्यांच्याच पुढाकाराने १९२० मध्ये अँटवर्प येथील ऑलिंपिक स्पर्धांना हिंदी खेळाडूंचा एक लहानसा चमू गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. सुमारे पाऊणे त्रेचाळीस किलोमीटरची मॅरॅथॉन शर्यत त्यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी केली आणि एकोणिसावा क्रमांक मिळवला. विजेता फिनलंडचा कोलेमाइनेन त्यांच्या सुमारे अठरा मिनिटे पुढे होता. हे अंतर केवळ पायांतील बळाचे होते असे मला वाटत नाही. फिनलंडमागे पद्धतशीर तयारीची परंपरा होती. आपल्यामागे होती ती जिद्द, आणि तिला साथ देणारा ग्रंथ अद्याप लिहिला जायचा होता.

तो लिहिण्याचा उद्योग मराठी माणसांनी मनावर घेतला, ही अभिमानाची गोष्ट आहे. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात प्रो. माणिकरावांनी व्यायामाला शिस्तबद्ध सांघिक रूप दिले. त्याच बडोद्यात दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी ‘व्यायाम’ मासिक चालवले आणि १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत सिद्ध केला. आखाड्यात हाताने शिकवली जाणारी विद्या त्यांनी आकृत्यांसह पानावर आणली, आणि तीही मराठीत. माणिकरावांकडे शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे पुढे स्वामी कुवलयानंद झाले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि आसन-प्राणायामाची प्रयोगशाळेत मोजदाद सुरू केली. प्राणायामात शरीराला नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक प्राणवायू मिळतो, ही लोकप्रिय समजूत त्यांनी तपासली. मोजमापात ती टिकली नाही, आणि त्यांनी ते मोकळेपणाने मांडले. श्रद्धेच्या विषयातही आकड्याला मान देणारी ही वृत्ती मला त्या साऱ्या चळवळीचा कळस वाटते.

आणि हे सारे आपल्यापासून दूर घडत नव्हते. वरूडच्या वाटेने गेल्यास अमरावती आपल्या शेजारीच. वैद्य बंधूंनी तेथे १९१४ मध्ये सुरू केलेल्या हनुमान आखाड्याचे पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. १९३६ मध्ये मंडळाच्या पथकाने बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. त्या काळी पांढुर्णा, सौंसर, नागपूर, अमरावती हा सारा मुलूख मध्यप्रांत-वऱ्हाड या एकाच प्रांतात नांदत होता.

तथापि एक उणीव मान्य केली पाहिजे. आपल्या ग्रंथकारांचा भर आखाड्यावर होता, आणि लांब पल्ल्याच्या धावण्याचे शास्त्र त्याच काळात अन्यत्र आकार घेत होते. इंग्लंडचा शरीरशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल स्वतः धावणारा होता. पाठीवर पिशवी बांधून, धावताना सोडलेली हवा तीत गोळा करून, १९२३ च्या सुमारास त्याने दाखवले की शरीर दर मिनिटाला किती प्राणवायू वापरू शकते याला वरची मर्यादा असते. आपला ‘दम’ येथे प्रथम मोजला गेला. पुढे न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डने ती मर्यादा शांतपणे, दीर्घकाळ धावून कशी उंचावते हे मैदानावर सिद्ध केले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या दोन शिष्यांनी, स्नेल आणि हॅलबर्ग यांनी, एकाच दिवशी सुवर्णपदके जिंकली.

हे ज्ञान आपल्यापर्यंत मराठीतून का पोचले नाही? १ नोव्हेंबर १९५६ च्या प्रांतरचनेत आपला भाग मध्य प्रदेशात राहिला. शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय ग्वाल्हेरला १९५७ मध्ये आणि राष्ट्रीय क्रीडा संस्था पतियाळाला १९६१ मध्ये निघाली. दोन्ही संस्थांचे कार्य थोर आहे, पण तेथील शास्त्रीय ग्रंथ प्रामुख्याने इंग्रजीत. घरी मराठी, शाळेत हिंदी आणि शास्त्र इंग्रजीत, अशा तीन पायऱ्या चढता चढता आपल्या क्रीडाशिक्षकाचाच दम जातो.

मग त्याने वाचावे काय? प्रथम मराठी विश्वकोशातील शरीर, श्वसन आणि व्यायाम यांवरील नोंदी वाचाव्यात. त्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. पुढे इंग्रजीकडे वळताना लिडियार्डचे ‘रन टू द टॉप’ (१९६२) हे पुस्तक पाया कसा घालावा यासाठी वाचावे. जॅक डॅनिएल्सचे ‘रनिंग फॉर्म्युला’ (१९९८) हे प्रत्येक दिवसाच्या धावण्याचा हेतू काय, आणि मुलाच्या आजच्या कुवतीनुसार वेग कसा ठरवावा, यासाठी वाचावे. ओस्ट्रांड आणि रोडाल यांचे श्रम-शरीरशास्त्रावरील पाठ्यपुस्तक (१९७०) अवघड आहे; ते सलग वाचू नये, शंका आली की उघडावे.

दक्षिण आफ्रिकेच्या टिम नोक्सचे ‘लोअर ऑफ रनिंग’ (१९८५) मी मुद्दाम शेवटी सांगतो. या ग्रंथातील आहारविषयक मते लेखकानेच पुढे जाहीरपणे नाकारली, आणि त्याची नवी मतेही वादग्रस्त ठरली. म्हणून ग्रंथ वाचावा तो प्रश्न विचारीत. लिडियार्डचा आठवड्याला शंभर मैलांचा आकडाही प्रौढ, मुरलेल्या धावपटूंसाठी होता. तो चौदा वर्षांच्या मुलावर लादणे हे वाचन नव्हे, वाचनाचा विपर्यास होय.

हा केवळ पांडित्याचा विषय नाही. पहाट फुटण्यापूर्वी आपल्या रस्त्यांवर धावणारी मुले पाहा. कोणाला सैन्यात जायचे आहे, कोणाला पोलिसांत. सैन्यभरतीचे सोळाशे मीटर म्हणजे त्या घरासाठी संत्र्याच्या बहराइतकेच मोलाचे. दोन महिन्यांत त्यांचा दम वाढतो. हृदय आणि श्वास लवकर शिकतात. हाडे मात्र सावकाश शिकतात. दम वाढला म्हणून एकदम अंतर वाढवले की नडगी दुखू लागते, आणि ‘सहन कर’ असा दम मिळाला की त्या हाडाला बारीक चीर जाते. भरतीचा दिवस येतो तेव्हा मुलगा घरी पाय धरून बसलेला असतो. वैशाखात दुपारी धावायला लावणे, तहानलेल्याला ‘पाणी पिऊ नकोस’ म्हणणे याही अशाच ऐकीव रूढी. उन्हाची सवय शरीराला व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, एवढे एक वाक्य वाचलेला शिक्षक एखाद्या मुलाचा जीव वाचवू शकतो.

सावरगावचे नाव दूरवर गेले ते जामच्या पात्रातील गोटमारीमुळे. येथील तरुणांच्या धाडसाला कोणाची साक्ष नको. पण धाडस जन्माने येते, दम कमवावा लागतो. आणि तो कसा कमवायचा हे शिकवणाऱ्याला आधी स्वतः शिकावे लागते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. शाळेच्या ग्रंथालयात या पुस्तकांचे एक फडताळ करावे. त्याशेजारी एक कोरी वही ठेवावी. कोणता मुलगा, कोणती मुलगी किती धावली, कोठे दुखले, किती विश्रांती घेतली, हे शिक्षकांनी तीत मराठीत लिहीत जावे. बडोद्याचा ज्ञानकोशही आधी अशाच कोणा पाहणाऱ्याच्या टिपणांतून उभा राहिला असेल. दहा वर्षे ती वही नेमाने लिहिली गेली, तर आपल्या मातीतील, आपल्या उन्हातील धावण्याचा पहिला मराठी ग्रंथ या शाळेतूनच निघेल. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो, त्यांना याहून उचित आदरांजली मला सुचत नाही.