विद्युत गिटारमधील हमिंग

विद्युत गिटारमधील हमिंग म्हणजे गिटार ॲम्प्लिफायरला जोडल्यानंतर, तार छेडलेली नसतानाही, लाउडस्पीकरमधून सतत ऐकू येणारा खर्जातील आवाज होय. भारतातील घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झ वारंवारतेचा असल्यामुळे हा आवाज ५० हर्ट्‌झचा किंवा त्याच्या पटीतील असतो. वादक व साउंडवाले त्याला हमिंग किंवा ‘अर्थिंगचा आवाज’ म्हणतात. हमिंग हा स्वतंत्र दोष नसून लक्षण आहे. त्याची बहुतेक कारणे केवळ कानाला त्रास देतात. मात्र सदोष अर्थिंगमुळे येणारे हमिंग वादकाच्या जिवावर बेतू शकते. सातारा व सांगली जिल्ह्यांतील जत्रा, गणेशोत्सव आणि वरातींत गिटार व विद्युत बेंजो अनेकदा उघड्यावर, तात्पुरत्या वीजजोडणीवर किंवा जनित्रावर वाजवले जातात, त्यामुळे तेथे या विषयाला विशेष महत्त्व आहे.

स्वरूप

हमिंगची पट्टी ओळखता आली तर निदानाचे निम्मे काम होते. गिटारच्या सहाव्या तारेवर तिसऱ्या पडद्याशी वाजणारा स्वर ९८ हर्ट्‌झचा असतो. पेटीच्या भाषेत तो खालच्या सप्तकातील पांढरी पाच. हमिंग या स्वराच्या किंचित वर असेल तर ते १०० हर्ट्‌झचे आहे. असा आवाज बहुधा ॲम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायमधून येतो, कारण प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिशकरण करताना वारंवारता दुप्पट होते. हमिंग एक सप्तक खाली, म्हणजे ५० हर्ट्‌झचे असेल तर ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र किंवा अर्थ लूप यांचा संशय घ्यावा. तीक्ष्ण, करकरीत आवाज मात्र डिमर, ट्यूबलाइटचा चोक, मोबाइल चार्जर यांच्याकडून आलेला असतो. काटेकोरपणे तो हमिंग नव्हे.

राज्यभर ही पट्टी जवळजवळ सारखीच राहते. सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाच्या पाण्यावर चालणारी जनित्रे आणि देशातील इतर वीजकेंद्रे एकाच समकालिक जाळ्याला जोडलेली आहेत. लहान डिझेल जनित्राचे तसे नसते. भार वाढला की त्याची गती थोडी उतरते आणि हमिंगही बेसूर होत खाली सरकते. दिव्यांच्या माळा लावताच हमिंगची पट्टी हलली, तर वीज जनित्राची आहे हे पाहिल्याविनाही कळते.

कारणे

गिटारचे पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेल्या बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. पोलादी तार हलली की वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. परंतु वेटोळ्याला तार आणि ट्रान्सफॉर्मर यांतला भेद कळत नाही. आसपासचे बदलते चुंबकीय क्षेत्रही ते तितक्याच निष्ठेने पकडते. एकेरी वेटोळ्याच्या पिकअपमध्ये काहीसे हमिंग असणे स्वाभाविक आहे. यावर उपाय म्हणून गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दुहेरी वेटोळ्याच्या हमबकर पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते १९५९ मध्ये मंजूर झाले. यात दोन वेटोळ्यांची गुंडाळणी व चुंबकीय ध्रुव परस्परविरुद्ध ठेवलेले असतात. त्यामुळे बाहेरून आलेले हमिंग एकमेकांना छेद देते, तारेचा स्वर मात्र बेरजेने वाढतो.

दुसरे कारण विद्युत क्षेत्राचे. भिंतीतील वायरिंगमुळे वादकाच्या शरीरावरही अल्प विद्युतदाब चढतो आणि गिटारच्या आतील आवरण नसलेल्या वायरा तो उचलतात. ब्रिजखालून (सतारीच्या भाषेत घोडीखालून) जाणारी भूतार तारांना जॅकच्या बाहेरील भागाशी जोडते; म्हणून तारांना हात लावताच आवाज कमी होतो. याशिवाय सैल जॅक, तुटलेली केबल, कच्चे सोल्डर आणि ॲम्प्लिफायरमधील जुने झालेले फिल्टर कपॅसिटर ही नेहमीची कारणे होत.

निदान

तपासणी ॲम्प्लिफायरकडून गिटारकडे करीत जावी. प्रथम ॲम्प्लिफायरच्या बाजूची केबल काढावी. तरीही हमिंग राहिले तर दोष ॲम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्या वीजजोडणीत आहे. ते थांबले, तर केबल पुन्हा लावून गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणावा. या स्थितीत पिकअपचा संकेत जमिनीशी जोडला जातो. म्हणून हमिंग टिकल्यास केबल व जॅक तपासावेत, नाहीसे झाल्यास पिकअप व आतील वायरिंग.

त्यानंतर व्हॉल्यूम वाढवून गिटार हातात धरून उभ्याउभ्या सावकाश फिरावे. एका दिशेला हमिंग जवळजवळ संपत असेल तर कारण चुंबकीय आहे. तारांना स्पर्श केल्यावरचा फरक याहून अधिक सांगतो. आवाज कमी झाला तर भूतार शाबूत आहे, पण आतील आवरण अपुरे आहे. तारांना हात लावून फरक पडला नाही, मात्र जॅकच्या धातूला लावल्यावर पडला, तर ब्रिजची भूतार तुटलेली आहे. स्पर्शाने आवाज वाढला तर जॅकच्या किंवा पिकअपच्या दोन वायरा उलट जोडल्या गेल्या आहेत. हौशी दुरुस्तीनंतर हा प्रकार हमखास आढळतो. केबल काढून मल्टिमीटरने ब्रिज आणि जॅकचा बाहेरील भाग यांमधील रोध मोजावा. तो एक-दोन ओहमपेक्षा जास्त असू नये.

दुरुस्ती

तुटलेली भूतार पुन्हा सोल्डर करणे हे सर्वांत स्वस्त आणि अनेकदा पुरेसे काम आहे. व्हॉल्यूम पोटच्या पाठीवर सोल्डर धरत नसेल तर तेथील पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासावा आणि तो नीट तापल्यावरच सोल्डर द्यावे. मंद, दाणेदार दिसणारा जोड कच्चा समजावा. गिटारच्या पोकळ्यांना आतून तांब्याची फॉइल लावून ती भूतारेशी जोडली की करकर बरीच घटते. मात्र फॉइल ५० हर्ट्‌झचे चुंबकीय क्षेत्र अडवत नाही. त्यासाठी ॲम्प्लिफायरपासून दूर बसणे, हमबकर बसवणे किंवा उलट गुंडाळणीचे दोन पिकअप एकत्र वापरणे हेच मार्ग उरतात. फॉइल लावूनही आवाज गेला नाही अशी तक्रार बहुधा हा फरक न समजल्यामुळे होते.

व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमधील कपॅसिटरांत प्लग काढल्यानंतरही शेकडो व्होल्टचा दाब शिल्लक राहू शकतो. ते काम जाणकार तंत्रज्ञाकडेच द्यावे.

अर्थिंग व धोका

गिटारचा ॲम्प्लिफायर आणि कार्यक्रमाचा मिक्सर वेगवेगळ्या सॉकेटवर असले आणि सिग्नल केबलनेही जोडलेले असले, तर अर्थचे दोन मार्ग तयार होऊन त्यांत प्रवाह फिरतो. यास अर्थ लूप म्हणतात. प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकली की हे हमिंग तत्काळ थांबते, आणि हीच या उपायातील फसगत आहे. ॲम्प्लिफायरमध्ये पुढे कधी बिघाड होऊन फेज सांगाड्याला लागला, तर तो ब्रिजमार्गे थेट तारांवर येतो. वादकाचा हात तारांवर आणि ओठ अर्थ झालेल्या मायक्रोफोनवर असतील, तर प्रवाह छातीतून जातो. स्कॉटिश गिटारवादक लेस्ली हार्वी यांचा मे १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे रंगमंचावरच विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. त्यांनी तारांना हात असताना सदोष अर्थिंग असलेल्या मायक्रोफोनला स्पर्श केला होता.

सर्व उपकरणे एकाच बोर्डावरून चालवणे, किंवा ग्राउंड लिफ्टची सोय असलेला डीआय बॉक्स अथवा सिग्नलसाठीचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापरणे हा योग्य उपाय होय. ग्राउंड लिफ्टमुळे फक्त सिग्नल केबलचे आवरण तुटते, विजेचे अर्थिंग नव्हे. ३० मिलिअँपिअर गळतीवर तुटणारा ब्रेकरही असावा. सॉकेटमध्ये न्यूट्रललाच अर्थच्या भोकाशी जोडण्याची काही वायरमनांची सवय घातक आहे. मागे कोठे न्यूट्रल तुटला तर सर्व सांगाड्यांवर २३० व्होल्ट येतात. वाजवण्यापूर्वी गिटारच्या तारा आणि मायक्रोफोनची जाळी यांमधील दाब मल्टिमीटरने मोजणे हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

सातारा व सांगली परिसर

जमिनीचा अर्थिंगवर थेट परिणाम होतो. कृष्णाकाठची ओली काळी माती वीज चांगली वाहते; महाबळेश्वर-पाचगणीचा जांभा किंवा माण, खटाव, जत या दुष्काळी तालुक्यांतील मुरमाड जमीन तितकी नाही. गावोगावच्या जत्रांचा मोठा हंगाम चैत्र-वैशाखात येतो आणि नेमक्या याच दिवसांत कोळसा-मीठ घातलेले अर्थिंगचे खड्डे कोरडे पडतात. कार्यक्रमाआधी खड्ड्यात पाणी ओतण्याची जुनी रीत शास्त्रीयदृष्ट्या योग्यच आहे. लहान जनित्रांत न्यूट्रल व सांगाडा बहुधा जोडलेले नसतात. अशा वेळी गळतीचा ब्रेकर अपेक्षेप्रमाणे तुटेलच असे नाही, म्हणून ती जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी लागते.

या भागात गिटारपेक्षा विद्युत बेंजो अधिक ऐकू येतो. जपानमधील ताइशोगोतो या वाद्यापासून आलेल्या बुलबुल तरंगाचे हे विद्युत रूप. त्याच्या पोलादी तारांखाली चुंबकीय पिकअप बसवलेला असेल, तर वर दिलेली तपासणी जशीच्या तशी लागू पडते. फक्त ब्रिजच्या भूतारेऐवजी तारा अडकवलेली धातूची पट्टी तपासावी. ती पट्टी लाकडावर नुसतीच स्क्रूने बसवून भूतारेशी न जोडणे हा बेंजोतील नेहमीचा दोष आहे.

सांगली जिल्ह्यातील मिरजेची वाद्यनिर्मिती मात्र वेगळ्या जातीची. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात तेथे सुरू केलेल्या या परंपरेतील सतार व तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही वाद्ये विजेवर चालत नाहीत. पण त्यांवर पिकअप चिकटवून ती मोठ्या मंचावर वाजवली की हमिंगचा प्रश्न तेथेही उभा राहतो, आणि तंबोऱ्याच्या अखंड स्वरात तो अधिक खटकतो. मंद्रातील १०० हर्ट्‌झचा आवाज गायकाच्या पट्टीशी जुळणारा असेलच असे नाही. अशा पिकअपला चुंबक नसतो. त्यामुळे फिरून पाहण्याची चाचणी येथे उपयोगी पडत नाही. आवरण असलेली आखूड केबल आणि जवळच ठेवलेला प्रीॲम्प्लिफायर यांनीच फरक पडतो.