रात्रपाळी आणि जठराग्नी

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक कारखाने तीन पाळ्यांत चालतात. पाळी बदलली, की कामगाराच्या जेवणाची आणि झोपेचीही वेळ बदलते. आम्लपित्त, पोट फुगणे, बद्धकोष्ठता या तक्रारी पाळीत काम करणाऱ्यांमध्ये अधिक आढळतात. याबाबत आयुर्वेद काय सांगतो, ते पाहणे उपयुक्त ठरेल.

अग्नीचे चार प्रकार
पचनशक्तीला आयुर्वेदात 'अग्नी' म्हणतात. त्याचे सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद असे चार प्रकार मानले आहेत. समाग्नी हा निरोगीपणाचा पाया होय. वाताच्या प्रभावाने अग्नी विषम होतो. मग अन्न कधी पचते, कधी पचत नाही. पित्ताने तो तीक्ष्ण, तर कफाने मंद होतो. रात्रीच्या जागरणाने शरीरात रूक्षता वाढते, असे चरकसंहितेत म्हटले आहे. रूक्षता हा वाताचा गुण असल्याने जागरणाचा परिणाम पचनावर होणे ओघानेच येते.

कसे जेवावे?
आधीचे अन्न पचल्यावरच पुढचे जेवण घ्यावे, हा चरकसंहितेतील महत्त्वाचा नियम आहे. अन्न गरम व स्निग्ध असावे, फार घाईने किंवा फार रेंगाळत जेवू नये, जेवताना लक्ष अन्नाकडे असावे, असेही तेथे सांगितले आहे. जठराचे तीन भाग कल्पून एक घन अन्नासाठी, एक द्रवासाठी आणि एक वातादी दोषांसाठी मोकळा ठेवावा. रात्री दही वर्ज्य मानले आहे.

रात्रपाळीसाठी
पाळी सुरू होण्यापूर्वी मुख्य जेवण घ्यावे. मध्यरात्री भूक लागल्यास वडापाव व वारंवार चहा यांऐवजी मुगाची खिचडी किंवा भाताची पेज बरी. सवय नसताना जागरण घडल्यास, जितका काळ जागरण झाले त्याच्या निम्मा काळ सकाळी काही न खाता झोपावे, असे वाग्भटांनी 'अष्टांगहृदया'त सांगितले आहे. भरपेट न्याहारी करून लगेच झोपणे त्यामुळे टाळावे. मात्र, नेहमीच्या रात्रपाळीत झोप निम्मी करावी, असा त्याचा अर्थ नव्हे.

शरीरातील जैविक घड्याळाच्या संशोधनासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. रात्री घेतलेल्या आहाराने रक्तातील साखर दिवसापेक्षा अधिक वाढते, हेही आधुनिक अभ्यासांतून दिसून आले आहे.

हे लक्षात ठेवा
मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय उपाशी राहू नये. शौचातून रक्त जाणे, गिळताना त्रास होणे, अकारण वजन घटणे ही लक्षणे अंगावर काढू नयेत. छातीत दुखून घाम येत असेल, तर 'अॅसिडिटी' समजून थांबू नये; तातडीने रुग्णालय गाठावे.