लिस्बनचा उडता दिवा

दिवाळींत आपण जो आकाशकंदील लावतों तो दोरीच्या आधारानें राहतो. आज ज्या दिव्याची हकीकत सांगावयाची आहे तो दोरीवांचून वर गेला. स्थळ लिस्बन, तारीख ८ ऑगस्ट १७०९.

हा दिवा करणारा बार्तोलोमेऊ द गुस्मांव ब्राझीलमधील सांतुश येथें जन्मलेला पाद्री. वय अवघें तेवीस वर्षांचें. त्याच वर्षीं १९ एप्रिल रोजीं राजा पांचवा जुआंव याजकडून त्यानें हवेंत चालणाऱ्या यंत्राचा एकाधिकार मिळविला होता. दिवसाला २०० लीग, म्हणजे हजार किलोमीटरांहून अधिक, मजल मारण्याचें अभिवचन अर्जांत होतें. दूरदूरच्या प्रांतीं राजाज्ञा त्वरेनें पोंचतील असेंही म्हटलें होतें. ज्या राजाचें पत्र गोव्यास पोंचावयाला जहाजानें सहासहा महिने लागत, त्याला याचा मोह पडला तर नवल कसलें?

प्रत्यक्षांत गुस्मांवनें केला तो कागदाचा एक लहान गोळा. खालीं तोंड उघडें आणि तोंडाशीं लहानशा भांड्यांत विस्तव. पहिला गोळा उडण्यापूर्वींच जळाला. दुसरा सुमारें वीस वितींवर चढला, पण पडद्यांना आग लागेल या धास्तीनें राजसेवकांनीं तो पाडला. तिसऱ्या प्रयोगाची जागा ‘कासा द इंडिया’चा दिवाणखाना. गोव्याहून येणाऱ्या मिरीचा नि मालाचा हिशेब जेथें होई तीच ही कचेरी. राजासमक्ष गोळा छतापर्यंत चढला आणि विस्तव मंदावतांच सावकाश खालीं आला. पाहणारांत पोपचा वकील कार्दिनल कोंती होता. हाच पुढें १७२१ मध्यें स्वतः पोप झाला.

येथें थोडें गणित केलें पाहिजे, कारण दिव्याचें सारें मर्म त्यांत आहे. हवा तापली कीं फुगते आणि हलकी होते. १०० अंश सेल्सियसपर्यंत तापलेली एक घनमीटर हवा भोंवतालच्या हवेपेक्षां सुमारें पाव किलोनें हलकी भरते. अर्धा मीटर व्यासाच्या गोळ्यांतील अशी हवा जेमतेम १६ ग्रॅम वजन उचलील. आणि चौरस मीटरला २० ग्रॅम भरणाऱ्या पातळ कागदाचा केला तरी तो गोळा स्वतःच तेवढा भरेल. विस्तवासाठीं शिल्लक कांहींच नाहीं! व्यास दुप्पट केला तर कागद चौपट लागतो, पण उचलण्याची शक्ति आठपट होते, आणि साठसत्तर ग्रॅमांची सवड मिळते. लहान दिवा उडविणें मोठा उडविण्यापेक्षां अवघड, हें वर्गांतल्या मुलांना प्रथम कधींच पटत नसे. शिवाय ज्वाला वाढवावी तर कागद पेटतो, कमी करावी तर गोळा उठत नाहीं. या अरुंद वाटेनें गुस्मांव तीन प्रयोगांत पार झाला.

आणि जगानें लक्षांत काय ठेवलें? ‘पासारोला’! पक्ष्याच्या आकाराची नौका, वर शीड, त्यांत चुंबक आणि अंबराचे मणी, असें एक अद्‍भुत चित्र त्याच्या नांवावर युरोपभर पसरलें. तसलें यंत्र कधीं उडालें नाहीं, उडणें शक्यही नव्हतें. लिस्बनच्या कवींनीं ‘उडत्या पाद्र्या’वर टवाळ कविता रचल्या. माझ्या मतें त्याचें खरें नुकसान त्याच्या अर्जानेंच केलें. २०० लीगांची भाषा ऐकलेल्या दरबाराला छतापर्यंत गेलेला कागद ही दिवाणखान्यांतील करमणूकच वाटणार. तोच गोळा मोकळ्या मैदानांत, दुप्पट चौपट मोठा करून पाहावा, ही पुढची पायरी राहून गेली. १७२४ मध्यें गुस्मांव पोर्तुगाल सोडून स्पेनमध्यें पळाला आणि त्याच नोव्हेंबरांत तोलेदो येथें वारला. दिवाणखान्यासह ती कचेरीही १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपांत नष्ट झाली.

पुढची पायरी चढले ते फ्रान्समधील कागद-कारखानदार मोंगोल्फिए बंधू. १७८२ च्या नोव्हेंबरांत आविन्यों शहरीं थोरल्या जोसेफनें रेशमी कापडाची लहान पिशवी केली, खालीं कागद जाळले, आणि ती छताला जाऊन टेकली. म्हणजे गुस्मांव जेथें थांबला नेमका तेथपर्यंत! धुरांतच कांहीं विशेष हलकें द्रव्य असतें अशी या बंधूंची समजूत होती, म्हणून ते ओलें गवत नि लोंकर जाळीत. उपपत्ति चुकीची होती, पण ते छतापाशीं थांबले नाहींत. डिसेंबरांत त्यांनीं याहून मोठा गोळा उघड्यावर सोडला. तो हातचा सुटून दूर गेला. ४ जून १७८३ रोजीं आनोने गांवच्या चौकांत सुमारें ११ मीटर व्यासाचा गोळा उभा राहिला: बाहेरून गोणपाटासारखें कापड, आंतून कागदाचे तीन पदर, आणि तुकडे जोडावयाला सुमारें १८०० गुंड्या. तो दहा मिनिटें आकाशांत राहिला आणि दोनएक किलोमीटरांवर उतरला.